ईसीजी नॉर्मल होता, मग अटॅक आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ६१ वर्षांचे, मधुमेह आहे. पहाटे साडेपाचला छातीत जड वाटून जाग आली, दरदरून घाम फुटला. सात वाजता ईसीजी काढला तोवर जडपणा बराच ओसरला होता. पट्टीवर मशीननेच ‘नॉर्मल’ छापलं होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. संध्याकाळी पुन्हा दुखलं म्हणून दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथे ईसीजीत ‘थोडे बदल’, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) बरंच वाढलेलं, आणि अँजिओग्राफीत सर्कमफ्लेक्स नावाची रक्तवाहिनी जवळजवळ बंद. स्टेंट टाकला, बाबा आता घरी आहेत. मुलगी विचारते आहे: सकाळचा ईसीजी चुकीचा काढला, चुकीचा वाचला, की ईसीजीत अटॅक दिसतच नाही? दिसत नसेल तर तो काढायचाच कशाला? आणि हातातल्या घड्याळाच्या ईसीजीने तो पकडला असता का?

बाबा घरी आले हे उत्तम झालं. मी गेली वीसेक वर्षं हृदयरोग विभागात काम करते आहे आणि हा प्रश्न दर महिन्याला कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकते. बाबांची पट्टी मी पाहिलेली नाही, त्यामुळे कोणाचं काय चुकलं याचा निवाडा इथे बसून करणार नाही. पण तुम्ही दिलेल्या तीन शक्यतांच्या पलीकडे एक चौथी आहे, आणि तीच जास्त वेळा खरी निघते: ईसीजी नीट काढला होता, नीट वाचला होता, त्यात खरंच काही नव्हतं, आणि तरीही अटॅक चालू होता. म्हणून मला विचाराल तर खरा प्रश्न पट्टी बरोबर होती का, हा नाहीच. सात वाजताच्या त्या एका पट्टीच्या भरवशावर माणसाला घरी पाठवायला हवं होतं का, हा आहे. माझ्या मते, नाही.

आधी ईसीजी काय बघतो ते सांगते. हातापायांवर चार आणि छातीवर सहा अशा दहा जागी इलेक्ट्रोड लावतात. त्यातून बारा लीड मिळतात, म्हणजे हृदयातल्या विजेकडे बारा दिशांनी पाहिलं जातं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन ०.०४ सेकंदाचा. नेहमीची पट्टी असते १० सेकंदांची, आणि छापताना त्यातही बहुतेक लीडच्या वाट्याला अडीचच सेकंद येतात. दुखणं तासन् तास चाललेलं असतं आणि आपल्या हातात असतात त्यातले दहा सेकंद. शिवाय ईसीजी रक्तवाहिनी दाखवत नाही, ब्लॉकेज दाखवत नाही. रक्त न मिळाल्यामुळे स्नायूच्या विजेत बिघाड झाला, तर तो बिघाड दाखवतो. ब्लॉकेज ७० टक्के असलं तरी आराम करणाऱ्या माणसाचा ईसीजी अगदी छान येऊ शकतो, कारण त्या घडीला स्नायूला रक्त पुरतंय.

आता मोठी रक्तवाहिनी गुठळीने पूर्ण बंद झाली तर काय होतं? पुस्तकातला क्रम असा: आधी टी लहर, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या शेवटची गोलसर लहर, फुगते, रुंद आणि उंच होते. मग एसटी, म्हणजे क्यूआरएस (ठोक्याची टोकदार लहर) आणि टी यांच्यामधली रेघ, मूळ पातळीवरून वर उचलली जाते. पुढे काही तासांत क्यूआरएसच्या सुरुवातीची खाली जाणारी क्यू लहर खोल होते, एसटी हळूहळू खाली येतो, टी उलटी होते. एसटीचं हे वर उचललं जाणं हॅरॉल्ड पार्डी यांनी १९२० मध्येच नोंदवलं होतं, आणि शंभर वर्षांनंतरही आम्ही सगळ्यात आधी तेच शोधतो. ते कोणत्या लीडमध्ये दिसतं त्यावरून जागा कळते. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये दिसलं तर हृदयाची खालची भिंत, छातीवरच्या व्ही१ ते व्ही४ मध्ये दिसलं तर पुढची, एक, एव्हीएल, व्ही५, व्ही६ मध्ये दिसलं तर बाजूची.

हा क्रम घड्याळाच्या काट्यावर चालत नाही, ही खरी गोम आहे. एका रात्रीचं सांगते. पंचेचाळिशीचा गृहस्थ, दुखायला लागून जेमतेम अर्धा तास झालेला. १ वाजून ५२ मिनिटांची पहिली पट्टी. व्ही२, व्ही३ मधला एसटी निकषात बसण्याइतका वर नव्हता. पण टी मला आवडली नाही. क्यूआरएस लहानसा आणि त्याच्या शेजारी ही ऐसपैस पसरलेली टी, घर लहान आणि अंगण मोठं अशातली गत. रेसिडेंट म्हणाला, “मॅडम, नॉर्मल व्हेरियंट वाटतंय.” वाटू शकतं. मी म्हटलं, छातीवरचे इलेक्ट्रोड काढू नकोस. २ वाजून ५ मिनिटांनी दुसरी काढली. क्यूआरएसनंतर टी चढायच्या आधी जी छोटी खोलगट वळणवाट असते, ती गायब होऊन सरळ चढाव झाला होता. कॅथलॅबला, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या विभागाला, फोन तेव्हाच गेला. २ वाजून १७ मिनिटांनी तिसरी काढली, तेव्हा एसटी चार मिलिमीटर वर होता आणि ते ओळखायला डॉक्टरची गरज उरली नव्हती. पुढची मोठी रक्तवाहिनी अगदी वरच बंद होती. पहिली आणि तिसरी पट्टी यांत अंतर २५ मिनिटांचं. पहिली बघून त्याला घरी पाठवलं असतं तर त्याच्या घरच्यांनीही तुमच्यासारखंच विचारलं असतं, की ईसीजी तर नॉर्मल होता.

इलेक्ट्रोड काढू नकोस का म्हटलं? कारण इलेक्ट्रोडची चकती एका बरगडीने जरी सरकली तरी लहरींचं रूप बदलतं. मग दुसऱ्या पट्टीतला फरक आजाराचा की जागेचा, हे कळेनासं होतं.

आता तुमच्या बाबांच्या सर्कमफ्लेक्सकडे येऊ, कारण ती फार आतल्या गाठीची रक्तवाहिनी आहे. ती हृदयाला वळसा घालून बाजूच्या आणि मागच्या भिंतीला रक्त पुरवते. छातीवरच्या सहा चकत्या पुढून आणि डाव्या बाजूने बघतात, पाठीमागून थेट बघणारं नेहमीच्या बारांत कोणीच नाही. त्यामुळे ती पूर्ण बंद असूनही पट्टी निर्दोष दिसू शकते. किंवा बिघाड उलट्या रूपात दिसतो. मागच्या भिंतीचा वर गेलेला एसटी पुढून पाहताना व्ही१ ते व्ही३ मध्ये खाली गेलेला दिसतो.

यात मी स्वतः फसले आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक बाई आल्या होत्या, दुखण्यापेक्षा धाप जास्त. व्ही२, व्ही३ मध्ये एसटी दीड-दोन मिलिमीटर खाली. मी ‘रक्तपुरवठा कमी पडतोय’ असं लिहून औषधं सुरू केली, सकाळी बघू म्हटलं. सकाळच्या राउंडला आमच्या सरांनी ती पट्टी उचलली, पालथी केली, वरची बाजू खाली करून खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि काही न बोलता माझ्या हातात दिली. कागदातून आरपार दिसत होता तो वर उचललेला एसटी आणि ठळक क्यू. मागच्या भिंतीचा अटॅक. पाठीवर, डाव्या खवाट्याच्या खाली तीन चकत्या लावून व्ही७, व्ही८, व्ही९ काढले असते तर रात्रीच कळलं असतं. तिथे अर्धा मिलिमीटर एसटी वर असला तरी पुरतो. बाई वाचल्या, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच. तेव्हापासून व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली दिसला की पाठीवरची पट्टी काढल्याशिवाय मी जागची हलत नाही.

असाच एक जास्तीचा लीड उजव्या बाजूला असतो. खालच्या भिंतीचा अटॅक दिसला की व्ही४ ची चकती उजव्या छातीवर लावून बघतात, कारण उजव्या कप्प्यालाही फटका बसला असेल तर जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने रक्तदाब धाडकन कोसळतो. दोन मिनिटांचं काम, पण घाईत राहून जातं.

तर आतापर्यंतचं एवढं: पट्टीत अटॅक न दिसण्याची कारणं वेळ आणि जागा. फार लवकर काढली, दुखणं थांबल्यावर काढली, किंवा बिघाड अशा भिंतीत आहे जिकडे कोणाची नजर नाही. बाबांच्या बाबतीत दुसरं आणि तिसरं, दोन्ही असणं शक्य आहे. गुठळी कधी वाट पूर्ण अडवते, कधी थोडी मोकळी करते. सातला दुखणं ओसरलं होतं म्हणजे कदाचित थोडं रक्त पुन्हा वाहत होतं, आणि पट्टी तेव्हाची आहे.

दुखणं थांबल्यावरच बोलणारी एक पट्टीही असते. माणूस आरामात बसलेला, छातीत काही नाही, आणि व्ही२-व्ही३ मध्ये टी अर्धी वर अर्धी खाली, किंवा खोल उलटी. हेन वेलेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये ती नीट मांडली, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. पुढची मोठी रक्तवाहिनी वरच्या भागात गंभीर अरुंद असल्याची ती खूण. अशा माणसाला ‘आता बरं आहे ना, मग ट्रेडमिल टेस्ट करून घ्या’ म्हणणं म्हणजे संकटाला हाताने बोलावणं. त्याला अँजिओग्राफी लागते.

वाचण्यातल्या चुकांचं बघू. एसटी वर आहे असं कधी म्हणायचं याचे आकडे ठरलेले आहेत. शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये १ मिलिमीटर. फक्त व्ही२-व्ही३ मध्ये वेगळे: चाळिशीच्या पुढच्या पुरुषाला २, चाळिशीच्या आतल्या पुरुषाला २.५, स्त्रीला १.५. तरुण पुरुषांमध्ये तिथे एसटी मुळातच थोडा वर असतो म्हणून हा फरक. आकडे हवेतच, नाहीतर जो तो आपापल्या नजरेने ठरवेल. पण आकड्यात बसलं नाही म्हणजे रक्तवाहिनी उघडी आहे, असं नाही. एसटी वर नसलेला अटॅक, ज्याला एनस्टेमी म्हणतात, त्यातल्या साधारण चारांत एका रुग्णाची संबंधित रक्तवाहिनी अँजिओग्राफीत पूर्ण बंद सापडते. म्हणून मी मिलिमीटर मोजते, पण तिथेच थांबत नाही. समोरच्या बाजूच्या लीडमध्ये एसटी उलट दिशेला गेलाय का ते बघते. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये एव्हीएलमधला एसटी पुष्कळदा आधी खाली जातो आणि दोन, तीन, एव्हीएफ नंतर उचलले जातात. तेवढा एक लीड नीट बघायची सवय लागली तर बऱ्याच गोष्टी हाताला लागतात.

उलट बाजूही आहे. एसटी वर म्हणजे अटॅकच, असंही नाही. हृदयाच्या आवरणाला सूज आली की जवळपास सगळ्याच लीडमध्ये एसटी उचललेला दिसतो. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने भिंत जाड झाली असेल, जुन्या अटॅकने भिंतीला फुगा आला असेल, रक्तात पोटॅशियम वाढलं असेल, तरीही पट्टी अटॅकची नक्कल करते. डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक (हृदयात वीज नेणाऱ्या वाटेतला अडथळा) किंवा पेसमेकर असेल तर एसटी मुळातच जागेवर नसतो. तिथे क्यूआरएस ज्या दिशेला आहे त्याच दिशेला एसटी गेलाय का, हे वेगळ्या नियमांनी बघावं लागतं. म्हणूनच मी नातेवाइकांना जुना ईसीजी मागते. तो शेजारी ठेवला की अर्धे वाद तिथेच मिटतात.

काढण्यातली चूक मात्र लोक समजतात त्याहून जास्त होते. व्ही१ आणि व्ही२ चौथ्या आणि पाचव्या फासळीमधल्या जागेत, उरोस्थीच्या दोन्ही कडांना लावायचे असतात. घाईत ते हमखास एक-दोन जागा वर चढतात, आणि मग टी उलटी दिसते किंवा जुन्या अटॅकसारखं चित्र उमटतं. हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या तर लीड एक पूर्ण उलटा येतो आणि एव्हीआर सरळ. एव्हीआर सरळ दिसला की माझं पहिलं काम म्हणजे वायरींचे रंग बघणं.

मशीनच्या ‘नॉर्मल’चं काय? मशीन लहरींची उंची-रुंदी चांगली मोजतं, ताल बऱ्यापैकी ओळखतं. पण रुग्णाला घाम फुटला होता, तो मधुमेही आहे, दुखणं अर्ध्या तासापूर्वी थांबलं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. जी टी मला त्या रात्री खटकली तिच्यावर मशीनने काहीच शेरा मारला नव्हता. मी वरचा छापील मजकूर अंगठ्याने झाकून पट्टी वाचते आणि मगच तो बघते. विद्यार्थी हसतात, हसू देत.

मग पहिल्या ठिकाणी काय व्हायला हवं होतं? परिस्थितीवर अवलंबून आहे हे कबूल. तिथे ट्रोपोनिनची सोय होती का, मला माहीत नाही. पण ६१ वर्षांचा मधुमेही माणूस झोपेतून छातीत जड वाटून उठतो, घामाघूम होतो, एवढ्या हकिकतीवरच त्याला किमान काही तास थांबवून घ्यायला हवं. मधुमेहात, म्हातारपणात आणि बऱ्याच स्त्रियांमध्ये दुखणं ठळक नसतंच. नुसती धाप, घाम, मळमळ, गळून जाणं असतं, त्यामुळे जडपणा ओसरला या गोष्टीला मी फार किंमत देत नाही. दुखत असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पट्टी काढायची, मागच्या भिंतीची शंका असेल तर पाठीवरून काढायची, आणि ट्रोपोनिन एकदा नव्हे, दोनदा बघायचं.

ट्रोपोनिन हे स्नायूच्या पेशी मरायला लागल्यावर रक्तात उतरणारं प्रथिन. नवी हाय सेन्सिटिव्हिटी चाचणी असेल तर १ ते ३ तासांनी पुन्हा करतात, जुनी असेल तर जास्त थांबावं लागतं. पहिल्याच तासात एकदा करून ‘निगेटिव्ह’ म्हणणं ही तर ईसीजीवाल्या चुकीचीच जुळी बहीण. आणि नुसतं वाढलेलं असणंही पुरेसं नाही. किडनीच्या आजारात, फुफ्फुसात गुठळी गेली तर, मोठ्या जंतुसंसर्गात ट्रोपोनिन वाढतं. दोन चाचण्यांमध्ये आकडा चढतोय किंवा उतरतोय का, आणि सोबत लक्षणं किंवा ईसीजीतले बदल आहेत का, यावर निदान ठरतं.

एवढं सगळं ऐकून ‘मग ईसीजी काढायचाच कशाला’ हा तुमचा प्रश्न रास्त वाटेल. उत्तर असं, की जेव्हा तो दाखवतो तेव्हा त्याच्या इतकं लवकर कोणीच दाखवत नाही. एसटी वर उचललेला दिसला तर ट्रोपोनिनसाठी थांबायचं नसतं, तेव्हा ट्रोपोनिन म्हणजे वरातीमागून घोडं. म्हणून छातीत दुखणारा माणूस दारात आल्यापासून १० मिनिटांत पट्टी काढून ती जाणत्या माणसाने वाचलेली असावी, असा नियम आहे. अँजिओप्लास्टीची सोय तिथेच असेल तर दीड तासाच्या आत रक्तवाहिनी उघडण्याचं लक्ष्य असतं. दुसरीकडे न्यायला लागणार असेल आणि सगळं मिळून दोन तासांपेक्षा जास्त जाणार असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देण्याचा विचार होतो. हे सगळे निर्णय त्या एका कागदावर उभे असतात. थोडक्यात, ईसीजीने ‘हो’ म्हटलं तर लगेच धावा, ‘नाही’ म्हटलं तर त्याला पुन्हा विचारा.

आता घड्याळ. मनगटावरचा ईसीजी हा एकच लीड असतो, साधारण लीड एकसारखा, एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे बघणारा. ठोक्यांचा ताल अनियमित आहे का, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा बेताल) आहे का, हे तो चांगलं सांगतो. पण हृदयाची पुढची भिंतही त्याला नीट दिसत नाही, मागची तर दूरच. बाबांचा अटॅक त्याने पकडला असता असं मला अजिबात वाटत नाही. उलट छातीत जड वाटत असताना घड्याळावर ‘सायनस ऱ्हिदम’, म्हणजे ताल नेहमीचा, असं वाचून घरी थांबलेले लोक मी पाहिले आहेत.

पुढचं काम. डिस्चार्जच्या वेळचा ईसीजी ही बाबांची आता मूळ पट्टी आहे. त्यात उलटी टी किंवा क्यू लहर असू शकते, ती कदाचित राहीलही, आणि उद्या कोणत्याही कॅज्युअल्टीत नवा डॉक्टर ती बघून दचकेल. तेव्हा ही जुनी शेजारी ठेवता आली पाहिजे. बहुतेक मशीनचा कागद उष्णतेने छापणारा असतो, वर्ष-दोन वर्षांत अक्षरं उडतात. लॅमिनेट अजिबात करू नका, यंत्रातून बाहेर येईपर्यंत अख्खी पट्टी काळी होते. सपाट ठेवून, चौकोन स्पष्ट दिसतील असा वरून फोटो काढा, त्यावर तारीख आणि वेळ दिसतेय ना ते बघा, आणि तो बाबांच्या आणि तुमच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. सकाळी सातची ती ‘नॉर्मल’ पट्टी सापडली तर तिचाही फोटो काढा आणि पुढच्या तपासणीला दोन्ही घेऊन जा. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी किंचित खाली होता का, एवढंच तुमच्या डॉक्टरांना विचारा.